शंभर वॅट कुठे गेले

त्याचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात लोकांनी त्याला 'भागाकार' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव पुढे छत्तीस वर्षं चिकटलं ते चिकटलंच. जळकी मोटर टेबलावर आली की बाकीचे कारागीर आधी तिचा वास घेत, मग ती जाळणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत, मग पान्याला हात घालत. हा गडी आधी तिला बॅटरी जोडी, मीटर लावी, कानामागची पेन्सिल काढी आणि हाताशी येईल त्यावर भागाकार मांडी. कधी खोक्यावर, कधी टेबलावर, एकदा तर मालकाच्या पांढऱ्या बाहीवर. व्होल्टला अँपिअरनं भागलं की आतल्या तारेचा अडथळा किती ओहम ते कळतं, एवढीच त्याची विद्या. "चार ओहम यायला पाहिजेत, अडीचच येतायत. आत तारेला तार चिकटलीय," असं तो सांगे, आणि मोटर उघडली की नेमकं तेच निघे.

गुणाकारही तो तितक्याच हौसेनं करी. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट. एका सभागृहाला थंडाव्याची यंत्रं बसवायची होती, तेव्हा त्यानं आधी खुर्च्या मोजल्या आणि प्रत्येक खुर्चीमागे शंभर वॅट धरले. स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा शंभरेक वॅटची ऊब सोडत असतं, हे त्यानं कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलं होतं. कारखान्यात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. त्यानंतर हा डबा घेऊन शेजारी बसला की कोणीतरी म्हणेच, "सरक रे भागाकार, तुझे शंभर वॅट लागतायत."

माणूस तसा गरीब, पण दोन बाबतींत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. एक म्हणजे, लोड टाकल्याशिवाय व्होल्टेज मोजायचं नाही. नळ बंद असताना पाण्याचा जोर कळत नाही, तसा काही चालू नसताना तारेतला दोष कळत नाही. आणि दुसरं, सांधा भिंतीत पुरायचा नाही. दोन तारा जोडल्या तर त्या डबीत, डबीला झाकण, आणि झाकण उघडून बघता आलं पाहिजे. एका मिस्त्रीनं प्लास्टरखाली सांधा दडवला म्हणून यानं एका नव्याकोऱ्या इमारतीची भिंत ऐन उद्घाटनाच्या सकाळी फोडायला लावली होती. मिस्त्री रडकुंडीला आला तरी हा ढिम्म हलला नव्हता.

आता त्याला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. हात थरथरत, डोळ्याला एकदा ऑपरेशन झालं होतं, आणि मोजण्यासारखी एकच गोष्ट घरात उरली होती. बायकोचं ऑक्सिजनचं मशीन.

बायको बावीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजत होती. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरून दोन्ही फुप्फुसं कडक झाल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "लोकांच्या गाद्या मऊ केल्या, मऊपणा सगळा तिकडेच संपला." तेव्हा तिला एका दमात एवढं बोलता येत होतं. आता खोलीतल्या पलंगावर, भिंतीला उशी लावून, उशीला पाठ टेकून ती दिवसभर बसून असे. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पलंगाच्या पायथ्याशी घरघरणारं मशीन, आणि बोटाला लावायचा एक चिमटा. त्या चिमट्यावर आकडा दिसे. नव्वदच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भागाकारानं त्या आकड्याचंही कोष्टक केलं. पलंगाशेजारच्या स्विचबोर्डाच्या वर, भिंतीवर, पेन्सिलीनं. तारीख, मशीन चालू असतानाचं व्होल्टेज, चिमट्याचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात कारण. मशीनच्या पाठीवर छापलं होतं, २३० व्होल्ट, ३५० वॅट. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग गेल्या तीन आठवड्यांत भिंतीवरचे व्होल्ट उतरायला लागले. २१४. २०३. १९१. १८०. त्यांच्यामागोमाग चिमट्याचा आकडा. ९३. ९१. ८९. ८७. कारणाच्या रकान्यात त्यानं पहिल्या दिवशीच लिहून टाकलं होतं, 'खांब'. उन्हाळ्याचे दिवस होते, गल्लीत घरोघरी कूलर लागले होते, खांबावरचा सांधा सैल झाला असणार. त्याला यात तिळमात्र शंका नव्हती.

मशीनवाल्यांनी मशीन दिवसभरासाठी नेलं, आपल्या टेबलावर चालवून पाहिलं आणि ठणठणीत आहे म्हणून परत आणून ठेवलं. त्यांच्या टेबलावर २३० व्होल्ट होते, तिथे ते ठणठणीतच असणार. भागाकारानं मग स्टॅबिलायझर आणला. पुढे व्होल्टेज वाढवून द्यायचं तर स्टॅबिलायझर मागून जास्त करंट ओढतो. एक दिवस बरा गेला, आणि दुसऱ्या दिवशी तोच टकटक करत बंद पडला. भिंतीवर १७४ लागले. मुलगी लांबच्या शहरात होती. ती फोनवर म्हणायची, "बाबा, आईला दवाखान्यात न्या ना." पण मागच्या खेपेला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर वळलंच नव्हतं. चौघांनी तिला खुर्चीत घालून खाली नेली होती आणि खाली पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनीच सांगितलं, आता हलवण्यात धोका आहे, मशीन नीट चालू ठेवा म्हणजे झालं. म्हणजे झालं, असं म्हणायला त्यांचं काय जात होतं.

वीज कंपनीत चार तक्रारी केल्यावर पाचव्या दिवशी सकाळी अकराला लाइनमन आला. चाळिशीचा, घामाघूम, खिशात तक्रारींची यादी. नेमकं त्याच वेळी मशीन कमी व्होल्टेजनं आपणहून बंद पडलं होतं. एकदा बंद पडलं की दहा मिनिटं ते परत सुरू होत नसे, म्हणून भागाकारानं बायकोची नळी छोट्या सिलिंडरला जोडली होती.

लाइनमननं बाहेर जिन्यातलं कपाट किल्लीनं उघडलं. मीटर आणि मेन स्विच त्या कपाटात, खोलीच्या भिंतीला अगदी पलीकडून चिकटून. तिथे मोजलं. मग आत येऊन पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये मोजलं.

"काका, बाहेर दोनशे बत्तीस, आत दोनशे बत्तीस. याहून चांगलं काय पाहिजे?"

"मशीन बंद आहे ना. लोड नसताना काय मोजतोस? दहा मिनिटं थांब, मशीन चालू होऊ दे, मग बघ."

"दहा मिनिटं?" लाइनमननं यादी दाखवली. "अजून सतरा ठिकाणं आहेत. एके ठिकाणी तर तार तुटून रस्त्यावर पडलीय."

"खांबावरचा सांधा तरी बघ."

"गेल्याच महिन्यात नवीन केलाय, मीच केलाय. तुमच्या घरातलं वायरिंग तपासून घ्या कुणाकडून तरी."

झालं. आगीत तेल पडलं. "वायरिंग?" भागाकाराचा आवाज चढला. "हे वायरिंग मी केलंय. एकतीस वर्षं झाली, एक दिवस कधी कुरकुर नाही. तू जन्मला असशील नसशील तेव्हा." लाइनमन चांगला दहा वर्षांचा होता तेव्हा. भिंतीवरचं कोष्टक त्यानं एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, पलंगावरच्या बाईकडे बघून मान लववली आणि कपाटाला कुलूप लावून जिना उतरून गेला. मशीनवाल्यांचं मशीन बरोबर, कंपनीची लाइन बरोबर, भागाकाराचं वायरिंग बरोबर. तिघांचंही बरोबर, आणि त्या तिघांच्या मध्ये एका बाईचा श्वास अडकलेला.

दहा मिनिटांनी मशीन सुरू झालं. पाव तास चाललं आणि किंचाळायला लागलं. व्होल्टेज १६८. चिमट्यावर ८३.

त्यानं परत सिलिंडर जोडला. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा पावाच्या खाली होता. फार तर दोन तास. मशीनवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले, नवा सिलिंडर संध्याकाळी सहाशिवाय येणार नाही. रुग्णवाहिकेला लावला, त्यांनी पत्ता लिहून घेतला, मजला विचारला, वेळ लागेल म्हणून सांगितलं. वीज कंपनीचा फोन नुसताच वाजत राहिला. मग त्याच्याजवळ फोन करण्यासारखं कुणी उरलं नाही. तो स्टुलावर बसला आणि त्याला रडू आलं. बायको बघत होती. तिच्यासमोर तो आधी कधी रडला नव्हता, मुलीला सासरी पाठवतानासुद्धा नाही.

"अहो," ती म्हणाली. तिचं बोलणं आता दोनदोन शब्दांचं झालं होतं. "तुमची पेन्सिल कुठंय?"

पेन्सिल कानामागेच होती. ती हातात आली आणि निदान रडणं थांबलं. तिची नळी सिलिंडरवर होती तशीच ठेवून त्यानं मशीन रिकामंच चालू केलं. सॉकेटमध्ये मीटर लावला, १६८ व्होल्ट. मशीनच्या तारेभोवती करंट मोजायचा दुसरा मीटर अडकवला, १.६ अँपिअर. भिंतीवर कोष्टकाच्या खाली थोडी जागा होती, तिथे त्यानं मांडायला घेतलं. लोड नसताना २३२, लोडवर १६८. वाटेत गायब ६४ व्होल्ट. चौसष्टला एक पूर्णांक सहानं भागलं. चाळीस ओहम. खांबापासून सॉकेटपर्यंतच्या धडधाकट तारेला अर्धा ओहमसुद्धा असू नये. कुठेतरी वाटेत चाळीस ओहमचा बोळा अडकला होता.

एवढं तर त्याला माहीतच होतं. थोड्याफार फरकानं हाच भागाकार त्यानं तीन आठवडे रोज केला होता आणि रोज त्याचं बोट खिडकीबाहेरच्या खांबाकडे गेलं होतं. तीन आठवडे त्यानं एकच गोष्ट केली नव्हती. गुणाकार. आज भागून काही हाती लागलं नाही म्हणून असेल, त्यानं त्याच दोन आकड्यांचा गुणाकार मांडला. ६४ गुणिले १.६. एकशे दोन पूर्णांक चार.

"शंभर वॅट," तो पुटपुटला. "म्हणजे शंभर वॅटचा अख्खा बल्ब कुठेतरी जळतोय. रात्रंदिवस. मशीनला मिळतायत दोनशे सत्तरच्या आत, आणि हे शंभर वाटेत कोणीतरी खातंय." तो खिडकीपाशी गेला. खांबावरचा सांधा ऊनवाऱ्यात उघडा होता. तिथे इतका अडथळा असता तर ठिणग्या उडाल्या असत्या, गल्लीभर बोभाटा झाला असता. सांधा नवा होता, चकचकत होता. "वीज अशी हवेत नाही जात. गेली तर तिची आच होते. मग आच कुठाय? कुठं गेले हे शंभर वॅट?"

तो स्वतःशीच बोलत होता. बायकोनं हात वर केला, जरा दम घेतला.

"भिंत," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या पाठीमागची. ऊब येते. बरं वाटतं पाठीला."

"उन्हाची असेल," तो म्हणाला, आणि म्हणतानाच थांबला. त्या भिंतीच्या पलीकडे जिना होता. तिथे बारा महिने अंधार. त्या भिंतीनं एकतीस वर्षांत ऊन पाहिलेलं नव्हतं.

त्यानं तिला पुढे वाकवलं, उशी काढली आणि भिंतीवर हात ठेवला. मधोमध, ताटाएवढ्या जागेत, भिंत तापलेली होती. रंगाला पिवळट छटा आली होती. तिथे हात ठेवून तो उभा राहिला आणि त्याला एकदम सगळं आठवलं. विसरलेली गोष्ट आठवते तेव्हा ती धक्के मारत आत येते, तसं झालं.

एकतीस वर्षांपूर्वी ह्या दोन खोल्या नुकत्याच ताब्यात आल्या होत्या. ती पाच महिन्यांची पोटुशी होती. संध्याकाळपर्यंत घरात दिवा लागला पाहिजे म्हणून ती हटून बसली होती. सकाळपासून तो तारा ओढत होता आणि ती स्टुलावर बसून टॉर्च धरत होती. मेन स्विचकडून ॲल्युमिनियमची तार आली होती, आत बोर्डापर्यंत आणायची तर हातभर कमी पडली. त्यानं पिशवीतला तांब्याच्या तारेचा तुकडा काढला, दोन्ही तारांना पीळ घातला, पट्टी गुंडाळली आणि वरून सिमेंट थापायला घेतलं. तेव्हा ती म्हणाली होती, "डबी बसवा ना. तुम्हीच सगळ्यांना सांगता." आणि तो म्हणाला होता, "आपल्याच घरात कोण बघायला येतंय? पुढच्या आठवड्यात करतो नीट." तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांशी धड नांदत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात मोटरींची गर्दी झाली. मग मुलगी झाली. मग ते राहूनच गेलं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांच्या भिंती फोडायला लावत राहिला.

"मी केलंय हे," तो म्हणाला. "तुझ्या पाठीशी मीच पुरून ठेवलंय."

"आधी काढा," ती म्हणाली. "मग बोला."

मेन स्विच जिन्यातल्या कपाटात होता. कपाटाला कंपनीचं कुलूप, आणि कुलूप तोडणं गुन्हा आहे असं दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं. आयुष्यात रांग न मोडलेला तो माणूस हातोडी घेऊन बाहेर गेला आणि चार घावांत त्यानं कुलूप तोडलं. त्या घाईतही मोजल्यावाचून त्याला राहवलं नाही. मशीन आत चालूच होतं. मेन स्विचवर मीटर लावला. लोडवर दोनशे एकतीस. भिंतीच्या ह्या बाजूला २३१, त्या बाजूला १६८. मध्ये वीतभर विटा. लाइनमननं मोजलं होतं चुकीचं, पण बोलला होता खरं. आणि हा आयुष्यभर बरोबर मोजत आला होता.

त्यानं मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झालं. पलंग त्याच्या एकट्यानं हलेना, तरी कसाबसा भिंतीपासून दूर सरकवला, तिला खुर्चीत बसवलं, सिलिंडर शेजारी ठेवला. खोलीत उजेड कमी होता आणि त्याच्या डोळ्याला तर अगदीच कमी.

"टॉर्च द्या इकडे," ती म्हणाली.

"तू नको. दमशील."

"द्या."

छिन्नीनं प्लास्टर फुटलं तसा जळक्या रबराचा वास खोलीभर पसरला. आतली पट्टी कोळसा झाली होती. तारांच्या पिळावर पांढरी भुकटी धरली होती, आणि आजूबाजूची वीट काळी पडली होती. अजून काही दिवस गेले असते तर ही भिंत तिच्या पाठीशी पेटली असती. त्याच्या हातातून पक्कड खाली पडली. उचलली, परत पडली. जळका भाग कापून टाकला, तारेची टोकं खरवडून चकचकीत केली, दोन धातू एकमेकांना लागणार नाहीत असा पितळी कनेक्टर घेतला. त्याचे स्क्रू गव्हाच्या दाण्याएवढे. पहिला बसला. दुसरा बोटांतून निसटून फरशीवर गेला.

तो गुडघ्यांवर बसून चाचपायला लागला. टॉर्चचा उजेड तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. सिलिंडरचा काटा शून्याला टेकायला आला होता. चिमट्यावर ८१.

"सापडत नाही गं," तो म्हणाला. "मला दिसतच नाहीये." "सहा मोटरींची तार मी डोळे मिटून भरली असती गं एके काळी."

टॉर्चचा उजेड फरशीवरून हळूहळू सरकला आणि खुर्चीच्या पायाशी थांबला. "डावीकडे," ती म्हणाली. "पायाजवळ."

स्क्रू तिथे होता. त्यानं तो ओठांत धरला, पेचकस बसवला, आणि डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून फिरवला. एकदा हुकला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा धरला. सिलिंडरची सूं सूं तोपर्यंत मंदावली होती आणि मग ऐकूच येईना. टॉर्च तिच्या मांडीवर पडला. तिची मान एका बाजूला कलली होती, डोळे उघडे होते पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. तो जिन्यात धावला, म्हणजे ह्या वयात जितकं धावता येतं तितकं, आणि मेन स्विच वर ढकलला.

मशीन घरघरलं. त्यानं नळी बदलली, तिच्या नाकात नीट बसवली, आणि तिच्या खुर्चीपुढे फरशीवर बसून चिमट्याकडे बघत राहिला. ७६. ७६. ७७. हा एक आकडा असा होता की त्याला भागता येत नव्हतं, गुणता येत नव्हतं, वर उचलताही येत नव्हतं. नुसतं बघायचं. ७९. तिच्या छातीत खोल काहीतरी खरखरलं. ८२. मशीन बंद पडलं नाही. किंचाळलं नाही. ८६ ला तिनं डोळे मिटून उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. नव्वदला पोचायला सव्वा तास लागला. तोवर रुग्णवाहिका आली, तिच्यातल्या माणसानं तिसऱ्या मजल्यावर येऊन चिमटा पाहिला, छाती तपासली, मशीन पाहिलं, भिंतीतलं भगदाड पाहिलं, आणि आता इथेच बऱ्या आहेत, हलवू नका, म्हणून सांगून गेला.

संध्याकाळी त्यानं लाइनमनला फोन लावला. "कपाटाचं कुलूप मी तोडलंय," तो म्हणाला. "काय कारवाई करायची ती करा. लाइन तुमची बरोबर होती. दोष माझ्या घरात होता." लाइनमननं आधी विचारलं, "काकू कशा आहेत?" आणि मग म्हणाला, "मी दहा मिनिटं थांबायला पाहिजे होतं, काका."

डॉक्टरांचा फोन नंतर आला. मुलीनंच त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे तीन आठवडे ऑक्सिजन कमी पडला, त्याचा ताण हृदयावर आलाय. गेलं ते परत येणार नाही. आता आहे ते सांभाळायचं.

"किती गेलं?" भागाकारानं विचारलं.

"ते असं मोजता येत नाही हो."

फोन ठेवून तो भिंतीपाशी गेला. भगदाडात त्यानं डबी बसवली होती, डबीला झाकण, झाकणाला दोन स्क्रू. एकतीस वर्षं उशिरा. कोष्टकात शेवटच्या ओळीत त्यानं लिहिलं, २२९ व्होल्ट. चिमटा ९१. मग वरच्या ओळींपासून कारणाच्या रकान्यातला 'खांब' त्यानं खोडला. जिथे जिथे लिहिला होता तिथे तिथे खोडला, आणि शेजारी लिहिलं, 'मी'. रकाना खालपर्यंत त्यानं भरला. बायको पलंगावरून बघत होती. तिनं त्याला अडवलं नाही.

"तुला आठवत होतं ते?" त्यानं विचारलं. "तो सांधा?"

"होतं की."

"मग बोलली नाहीस?"

"सांधा असा वागेल हे मला काय ठाऊक." तिनं दम घेतला. "तुम्ही केलेलं. नीटच असेल, असं वाटलं."

त्यानं पलंग परत भिंतीला लावला, उशी उभी केली, तिला नीट टेकवून बसवलं. थोड्या वेळानं ती पुढे सरकली. तिनं हात मागे नेऊन भिंत चाचपली.

"गार पडली," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. उन्हाळा असूनही तिचे खांदे आवळले गेले होते. ह्या आजारात तिला सतत थंडी वाजे.

त्यानं गोधडी पाहिली, ती तिच्या पायांवर होती. गरम पाण्याची पिशवी गळत होती. मग त्यानं उशी काढून बाजूला ठेवली, चप्पल काढली, पलंगावर चढला आणि तिच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, तिच्या पाठीला पाठ लावून बसला. नळीला धक्का लागू नये म्हणून अगदी बेतानं.

मशीन घरघरत होतं. समोर नव्या डबीचं झाकण होतं आणि त्यावर त्याची स्वतःचीच अंधुक सावली. पाठीतून त्याला तिचा एकेक श्वास कळत होता, मध्येच अडखळणारा.

"किती वॅट?" तिनं विचारलं.

"शंभर," तो म्हणाला. "जवळजवळ."

"भिंतीचेही तेवढेच होते," ती म्हणाली, आणि तिनं पाठीचा सगळा भार त्याच्यावर टाकला.